डोळ्यावरची नागीण

सकाळचें स्नान व पूजा आटोपून अण्णा आरामखुर्चीवर येऊन बसले. परंतु रोजच्याप्रमाणें त्यांनीं वर्तमानपत्र उघडलें नाहीं. डाव्या भुवईवर तळहात दाबून व डोळे मिटून ते स्वस्थ बसून राहिले.

"सूनबाई, कपाळाच्या या बाजूवर कालपासून कोणी निखारा ठेवल्यासारखें होतें आहे," ते म्हणाले.

सूनबाईनें सुंठ उगाळून लेप दिला. मुलानें चष्म्याचा नंबर बदलला असावा असा तर्क केला. कोणी अर्धशिशी म्हणालें, कोणी दाढेचें दुखणें वर चढलें असेल म्हणालें. शेजारच्या काकूंनीं सगळा दोष पित्ताच्या माथीं मारला. दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशीं सकाळीं भुवईवर व कपाळावर लालसर चट्टे दिसूं लागले, आणि दिवेलागणीपर्यंत त्या चट्ट्यांवर पाण्यानें भरलेल्या बारीक फोडांचे झुबके उठले. काकूंनीं दारांतूनच पाहिलें आणि आवाज खालीं आणून त्या म्हणाल्या, "अग बाई, ही तर नागीण!"

हें घर पुण्याचें असेल, नागपूरचें असेल, नाहींतर मुंबईच्या एखाद्या चाळींतलें असेल. अण्णांच्या ठिकाणीं कोणाची आत्या असेल, कोणाचे मामा असतील. प्रसंग मात्र नेहमींचाच आहे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या कपाळाच्या एकाच बाजूला आग होते, तिचें कारण दोन-तीन दिवस कोणाच्या लक्षांत येत नाहीं, मग फोड उठतात, आणि घरांत सल्ल्यांचा बाजार भरतो. त्या बाजारांत जे दोन-तीन दिवस खर्ची पडतात, त्यांवर पुष्कळ वेळां एका डोळ्याचें भवितव्य अवलंबून असतें. ते दिवस वाया कां जाऊं नयेत, आणि फोड सुकून गेल्यावरहि मागें राहणारी वेदना काय असते, हें समजून घेण्यासारखें आहे.

नागीण हें नांव ऐकतांच घरांत जी भीति शिरते, तिला एक जुनी समजूत कारण आहे. नागिणीचें तोंड व शेपूट एकमेकांस भिडलें कीं रोगी दगावतो, अशी ती समजूत. कमरेवर उठलेल्या फोडांची रांग पाठीकडून पोटाकडे सरकत येतांना पाहून ती रूढ झाली असावी. ही कल्पना केवळ आपल्याकडच्या लोकांनाच सुचली असें मात्र नाहीं. या रोगाचें शास्त्रीय नांव हर्पिस झोस्टर असें आहे. त्यांतील झोस्टर म्हणजे ग्रीक भाषेंत कमरपट्टा, आणि हर्पिस हा शब्द सरपटणें या अर्थाच्या ग्रीक धातूपासून निघाला आहे. तो ग्रीक धातु व संस्कृतांतील 'सृप्' हा धातु हे एकाच मुळापासून आलेले आहेत. आणि 'सृप्' पासूनच सर्प हा शब्द झाला. हजारों कोसांच्या अंतरावर राहणाऱ्या दोन समाजांनीं त्याच फोडांकडे पाहिलें, आणि दोघांनाहि कातडीवरून कांहीं तरी सरपटत गेल्याचाच भास झाला.

परंतु ही नागीण आपला विळखा सहसा पुरा करीतच नाहीं. शरीराच्या उजव्या अंगाची संवेदना मेंदूकडे नेणारे मज्जातंतु वेगळे व डाव्या अंगाचे वेगळे असतात, आणि मध्यरेषेपाशीं त्यांच्या हद्दी संपतात. नागीण ही मुळांत कातडीची व्याधि नसून एखाद्या मज्जातंतूची व्याधि आहे. म्हणून त्या तंतूची हद्द संपली कीं फोडांची रांगहि थांबते. ज्यांची प्रतिकारशक्ति फारच खालावली आहे अशा रोग्यांत कधीं कधीं फोड सर्वांगावर पसरतात व तें दुखणें गंभीर असतें; परंतु तोंड व शेपूट भिडण्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. या समजुतीपासून होणारा खरा तोटा निराळाच आहे. सर्वांचें लक्ष विळख्याकडे लागून राहतें, आणि कपाळावरच्या नागिणीला विळखा घालण्यास जागाच नसल्यामुळें ती किरकोळ मानली जाते. वस्तुतः कमरेच्या नागिणीपेक्षां कपाळाची नागीण अधिक भिण्यासारखी आहे. कारण तिच्या वाटेवर डोळा आहे.

हें बीज अण्णांच्या शरीरांत शिरलें कोठून? काकूंना वाटलें तसें तें उन्हांतून आलें नाहीं, दृष्ट लागून आलें नाहीं, आणि शेजाऱ्याकडूनहि आलें नाहीं. तें सुमारें साठ वर्षें अण्णांच्या जवळच होतें. अण्णा सात-आठ वर्षांचे असतांना त्यांना कांजिण्या आल्या होत्या. आईनें अंथरुणाभोंवतीं कडुनिंबाचा पाला ठेवला, आठ-दहा दिवसांत खपल्या पडल्या, अण्णा पुन्हां शाळेंत जाऊं लागले, आणि सर्वजण ती गोष्ट विसरून गेले. परंतु कांजिण्यांचे विषाणु शरीर सोडून गेले नव्हते. कातडींतून मज्जातंतूंच्या वाटेनें ते आंत शिरले आणि त्या तंतूंच्या मुळाशीं असलेल्या मज्जाग्रंथींत निपचित पडून राहिले. तरुणपणीं शरीराची प्रतिकारशक्ति त्यांच्यावर पहारा ठेवून होती. उतारवयांत तो पहारा ढिला पडतो. कर्करोग, एड्स, दीर्घकाळ घेतलेलीं स्टेरॉइड औषधें, अवयवरोपणानंतर घ्यावीं लागणारीं औषधें यांनींहि तो ढिला पडतो. मग एखाद्या ग्रंथींतले विषाणु जागे होतात, वाढूं लागतात, आणि ज्या वाटेनें आंत आले त्याच वाटेनें पुन्हां कातडीकडे निघतात. वाटेंत तो तंतु सुजतो व पोळतो. फोड दिसण्याच्या आधीं दोन-तीन दिवस जी आग होते ती या प्रवासाची होय. त्या वेळीं कातडीवर कांहींच दिसत नसल्यामुळें अर्धशिशी, दाढ, पित्त असे तर्क लढविले जातात. अनुभवी डॉक्टरसुद्धां या अवस्थेंत फसूं शकतो.

हा उलगडा एका दिवसांत झालेला नाहीं. १८६१ ते १८६३ या काळांत बर्लिनचे फॉन बेरेनश्प्रुंग यांनीं या रोगाचें मूळ कातडींत नसून मज्जाग्रंथींत आहे असें दाखवून दिलें. १९०० मध्यें इंग्लंडांतील हेन्री हेड व कॅम्बेल या दोघांनीं नागीण होऊन गेलेल्या २१ मृत व्यक्तींच्या मज्जाग्रंथि तपासून तें मत पक्कें केलें, आणि कोणता तंतु कातडीच्या कोणत्या पट्ट्यास संवेदना पुरवितो याचा नकाशाच तयार केला. नागिणीच्या रोग्याजवळ वावरलेल्या लहान मुलांना कांजिण्या येतात, हें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बुडापेस्टचे बालवैद्य बोकाय यांच्या लक्षांत आलें होतें. पुढें १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील टॉमस वेलर यांनीं प्रयोगशाळेंत दोन्हीं रोगांचे विषाणु वाढवून ते एकच असल्याचें सिद्ध केलें.

या कथेंत सर्वांत लोभस व्यक्ति एका खेडेवजा गांवांतील डॉक्टरांची आहे. इंग्लंडांतील सायरेन्सेस्टर येथें एडगर होप-सिम्पसन हे साधा वैद्यकीय व्यवसाय करीत. त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. होती ती टिपणवही. सोळा वर्षांत आपल्याकडे आलेल्या नागिणीच्या १९२ रोग्यांची त्यांनीं बारकाईनें नोंद ठेवली. त्या नोंदींवरून १९६५ मध्यें त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, हा विषाणु कांजिण्यांनंतर शरीरांतच दडून राहतो, आणि वय वाढत जाईल तसतसा त्याच्या उठावाचा संभव वाढत जातो. पंचाऐंशी वर्षांपर्यंत जगणाऱ्या माणसांपैकीं सुमारें निम्म्यांना एकदां तरी नागीण होईल, असा त्यांचा हिशेब होता. रोग्याची हकीगत नीट ऐकून ती लिहून ठेवणें एवढ्या साधनावर त्यांनीं हें कार्य केलें.

आतां डोळ्याकडे वळावें. मेंदूपासून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. त्यांतील पांचवी जोडी चेहऱ्याची संवेदना वाहून नेते. कानाच्या पुढें, कवटीच्या आंत, या तंतूची एक मज्जाग्रंथि असते, आणि तिच्यापासून तीन शाखा फुटतात. एक खालच्या जबड्याकडे जाते, दुसरी गालाकडे व वरच्या दातांकडे, आणि तिसरी कपाळ, वरची पापणी, डोळा व नाक यांच्याकडे. नागिणीच्या दर शंभर रोग्यांपैकीं दहा ते वीस जणांत ही डोळ्याकडे जाणारी शाखाच सांपडते. योग्य औषध वेळेवर मिळालें नाहीं, तर अशांपैकीं जवळजवळ निम्म्या रोग्यांच्या डोळ्याला प्रत्यक्ष इजा पोहोंचते.

या शाखेचाच एक बारीक फांटा बुबुळावरील पारदर्शक पडद्याला, म्हणजे पारपटलाला, संवेदना देतो, आणि तोच फांटा पुढें नाकाच्या शेंड्यापर्यंत जातो. एकोणिसाव्या शतकांतील लंडनचे प्रसिद्ध शल्यवैद्य जोनाथन हचिन्सन यांनीं या गोष्टीचा फार उपयोगी अर्थ लावला. नाकाच्या शेंड्यावर किंवा नाकाच्या बाजूवर फोड उठला असेल, तर डोळाहि सांपडण्याचा संभव पुष्कळ वाढतो, असें त्यांनीं सांगितलें. ती खूण आजहि त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. ती पाहण्यास यंत्र लागत नाहीं, आरसा पुरतो. मात्र नाकावर फोड नाहीं म्हणून डोळा सुरक्षित आहे, असा उलट अर्थ कोणी काढूं नये. कपाळावर किंवा पापणीवर नागीण उठली म्हणजे नाक कसेंहि असो, डोळा तपासून घेणें अवश्य आहे.

डोळ्यांत काय काय होऊं शकतें याची यादी लांब आहे. पापणी सुजून डोळा मिटतो, पांढरा भाग लाल होतो, उजेड सहन होत नाहीं. पारपटलावर व्रण पडतात व ते बरे झाले तरी मागें धूसरपणा राहतो. डोळ्याच्या आंतील भाग सुजतो. डोळ्यांतला दाब वाढतो आणि काचबिंदूप्रमाणें तो दृष्टीच्या तंतूला इजा करतो. क्वचित् आंतला पडदा नासूं लागतो, क्वचित् डोळा फिरविणारे स्नायु लुळे पडून एकाच्या दोन वस्तु दिसूं लागतात. यांतले कांहीं विकार फोड सुकल्यावर कित्येक आठवड्यांनीं डोकें वर काढतात. म्हणून खपल्या पडल्या कीं डॉक्टरांकडे जाणें बंद करावें, ही चाल घातक आहे.

यावर औषध आहे, आणि तें चांगलें आहे. परंतु त्याला वेळेचें बंधन आहे. अमेरिकेंतील गर्ट्रूड एलियन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असायक्लोव्हिर नांवाचें औषध तयार केलें. १९७७ मध्यें त्याची माहिती प्रसिद्ध झाली, आणि १९८८ मध्यें औषधशोधनाच्या कार्याबद्दल एलियन यांना इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें. विषाणूची लागण झालेल्या पेशींतच हें औषध मुख्यतः जागें होतें व तेथें विषाणूची वाढ थांबवितें. निरोगी पेशींना त्याचा उपद्रव त्या मानानें थोडा. त्याच्याच जातीचीं व्हॅलासायक्लोव्हिर, फॅमसायक्लोव्हिर हीं औषधें पुढें आलीं. असायक्लोव्हिर दिवसांतून पांच वेळां घ्यावें लागतें, व्हॅलासायक्लोव्हिर तीन वेळां. डोळ्याच्या नागिणींत हा क्रम बहुधा सात ते दहा दिवस चालतो. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्रा कमी करावी लागते, म्हणून तो विकार असेल तर डॉक्टरांना तो आधींच सांगावा.

हीं औषधें फोड उठल्यापासून बहात्तर तासांच्या आंत सुरू झालीं, तर त्यांचा गुण सर्वांत चांगला येतो. विषाणु वाढून गेल्यावर औषध पोहोंचलें तर आग लागून गेल्यावर बंब आल्यासारखें होतें. तथापि बहात्तर तास टळले म्हणून हात जोडून बसावें असेंहि नाहीं. नवे फोड येतच असतील, किंवा डोळ्याला इजा होत असेल, तर उशिरांहि औषध देतात. पण पहिले तीन दिवस हे खरे मोलाचे दिवस होत, आणि नेमके तेच दिवस घरोघर लेप, उतारे व चर्चा यांत जातात. कोणी गेरू लावतो, कोणी दुर्वांचा रस चोळतो, कोणी मंत्र घालणाऱ्याचा पत्ता देतो. पांच-सात दिवसांनीं फोड आपोआप सुकूं लागतात, आणि त्याचें श्रेय त्या दिवशीं जो उपाय चालूं असेल त्याला मिळतें. कमरेच्या नागिणींत या भ्रमाची किंमत थोडी असेल. डोळ्याच्या नागिणींत ती दृष्टीनें मोजावी लागते.

घरांतल्या माणसांनीं आणखी दोन मोह टाळावे. पहिला मोह, मागच्या वेळीं डोळे आले असतां आणलेले थेंब घालण्याचा. त्या बाटलींत स्टेरॉइड असेल व डोळ्याचें दुखणें त्याला न मानवणारें असेल, तर व्रण वाढतो. स्टेरॉइडचे थेंब नागिणींतहि देतात, पण ते नेत्रतज्ज्ञानें तपासून व त्याच्या देखरेखीखालीं. दुसरा मोह, डोळा बधिर करणारे थेंब पुन्हां पुन्हां घालण्याचा. तपासणीच्या वेळीं डॉक्टर ते घालतात तेव्हां वेदना क्षणांत नाहींशी होते, आणि रोग्याला वाटतें कीं हेंच औषध घरीं न्यावें. परंतु त्यांचा वारंवार उपयोग केल्यास पारपटल झिजतें व शेवटीं डोळाच गमवावा लागतो.

संसर्गाविषयींहि घरांत पुष्कळ घोटाळा असतो. नागिणीपासून दुसऱ्याला नागीण होत नाहीं. ज्याला पूर्वीं कांजिण्या आलेल्या नाहींत व लसहि टोंचलेली नाहीं, अशा माणसाला फोडांतल्या पाण्यापासून कांजिण्या मात्र येऊं शकतात. म्हणून खपल्या धरेपर्यंत फोड झांकून ठेवावे, हात धुवावे, व तान्हें मूल आणि कांजिण्या न आलेली गरोदर स्त्री यांना जवळ येऊं देऊं नये. रोग्याला अस्पृश्यासारखें कोपऱ्यांत टाकण्याची मात्र कांहीं गरज नाहीं.

इथपर्यंतचें दुखणें डोळ्यांना दिसणारें आहे. खरी परीक्षा पुढें होते. फोड सुकतात, खपल्या पडतात, कपाळावर फिकट व्रण राहतात. भेटीला येणारे म्हणतात, "छान! आतां बरें झालें." आणि त्याच वेळीं रोगी आंतून पोळत असतो. फोड उठल्यापासून तीन महिने उलटून गेले तरी राहणाऱ्या या वेदनेला नागिणीनंतरचा मज्जातंतुशूल म्हणतात. नागिणीच्या दर शंभर रोग्यांपैकीं दहा ते अठरा जणांच्या वांट्याला तो येतो. साठीनंतर तें प्रमाण वाढतें. त्याचें स्वरूप ज्याला भोगावें लागत नाहीं त्याला विलक्षण वाटतें. कधीं सतत आग, कधीं विजेचा झटका बसावा तशी कळ, कधीं आंतल्या आंत खाज. जोरानें दाबलें तर चालतें, पण पंख्याचा वारा, उशीचा अभ्रा, कंगव्याचा दांता, पावसाचा एखादा थेंब सहन होत नाहीं. अण्णांनीं टोपी घालणें सोडलें, खिडकीपाशीं बसणें सोडलें, आणि डोक्याच्या डाव्या बाजूचे केस विंचरणें सोडलें.

याचें कारण समजण्यास रेडिओचाच दाखला पुरे. कोठें तरी तार तुटली किंवा जोड सैल झाला, म्हणजे कोणी बोलत नसतांहि यंत्रांतून खरखर येऊं लागते. मज्जातंतु हीहि एक प्रकारची तारच आहे. विषाणूनें तिच्यावरचें आवरण व आंतले धागे जाळले, कीं ती बाहेरून कांहींहि घडलें नसतां वेदनेचे संदेश पाठवूं लागते. स्पर्शाचा साधा निरोपहि ती वेदना म्हणूनच पोहोंचविते. कांहीं काळानें मेंदूंतील व मज्जारज्जूंतील केंद्रांनाहि तशीच संवय लागते. मग कातडींत दोष शोधून सांपडत नाहीं. दोष वाटेंत असतो.

डोळ्याच्या बाबतींत हा अनुभव अधिकच कष्टाचा होतो. पारपटलांत कातडीच्या कित्येक शेंकडा पट दाट असें मज्जातंतूंचें जाळें आहे. म्हणूनच धुळीचा एक कण आपल्याला व्याकुळ करतो. या जाळ्याला इजा झाली म्हणजे डोळ्यांत सदा खडा खुपल्यासारखें वाटतें, दिव्याचा उजेड टोंचतो, वाचतांना पाणी येतें. तपासणींत मात्र डोळा स्वच्छ दिसतो. अशा वेळीं जाणते नेत्रतज्ज्ञ बधिर करणारा एक थेंब घालून पाहतात. वेदना थांबली तर तिचा उगम डोळ्याच्या पृष्ठभागावर आहे. थेंब घालूनहि ती तशीच राहिली तर उगम मागें, तंतूंत किंवा मेंदूच्या केंद्रांत आहे, असा त्यावरून अंदाज बांधतात. या साध्या परीक्षेचा एक मोठा उपयोग असा कीं, डोळा स्वच्छ असतांहि वेदना खरी असूं शकते, हें रोग्याला व घरच्यांना पटतें.

कांहीं रोग्यांत याच्या अगदीं उलट घडतें. पारपटलाची संवेदनाच नाहींशी होते. डोळा दुखत नाहीं म्हणून रोगी समाधानी असतो. परंतु संवेदना गेल्यामुळें पापण्या पुरेशा मिटत नाहींत, अश्रु कमी होतात, कचरा गेला तरी कळत नाहीं, आणि व्रण न दुखतां वाढत जातो. कापसाच्या बारीक धाग्यानें बुबुळाला स्पर्श करून डॉक्टर ही संवेदना तपासतात. एकाच रोग्याचें कपाळ पोळत असावें आणि डोळा बधिर असावा, असाहि प्रकार घडतो.

मज्जातंतुशुलावर नेहमींच्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाहीं. त्यासाठीं ॲमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन अशीं औषधें देतात. यांतील पहिलें मूळचें उदासीनतेवरचें, व दुसरीं दोन अपस्मारावर वापरलीं जाणारीं. औषधाच्या वेष्टनांतील कागद वाचून घरांत गैरसमज होतो. अण्णांनीं तो कागद मुलापुढें टाकला व विचारलें, "मला काय वेड लागलें आहे असें तुम्हां सर्वांना वाटतें?" त्या दिवशीं त्यांनीं गोळी घेतली नाहीं. ज्या औषधानें मेंदूंतील संदेशांचा गोंधळ शमतो तेंच औषध तंतूंतील गोंधळहि शमवूं शकतें, एवढें कोणीं आधीं समजावून सांगितलें असतें तर तो प्रसंग टळला असता. या औषधांनीं वृद्धांना झोंप व भोंवळ येते. रात्रीं उठतांना तोल जाऊन पडण्याचें भय असतें. म्हणून मात्रा थोडक्यापासून सुरू करून हळूहळू वाढवितात, व गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात. मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सेसिन या द्रव्याच्या पट्ट्याहि या रोगावर कमरेसारख्या ठिकाणीं लावतात, पण तो उपाय डोळ्याच्या आसपास कदापि करूं नये. बहुतेकांची वेदना कांहीं महिन्यांत ओसरते. कांहींच्या वांट्याला ती वर्षानुवर्षें राहते, हेंहि लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

या सर्वांपेक्षां बरा उपाय म्हणजे नागीण होऊंच न देणें. जपानमधील मिचिआकि ताकाहाशि यांनीं १९७४ मध्यें कांजिण्यांवरील लस तयार केली. त्याच विषाणूच्या वाणापासून नागिणीवरची पहिली लस २००६ मध्यें अमेरिकेंत आली. २०१७ मध्यें तेथें दुसऱ्या प्रकारच्या लसीला मान्यता मिळाली. तींत जिवंत विषाणु नसून त्याच्या वेष्टनांतील केवळ एक प्रथिन असतें. पन्नाशीपुढील माणसांवर झालेल्या चांचण्यांत या लसीनें नव्वद टक्क्यांहून अधिक संरक्षण दिलें. दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानें तिच्या दोन मात्रा दंडांत टोंचतात. भारतांत ती २०२३ पासून मिळूं लागली. तिची किंमत सामान्य घराला जड वाटणारी आहे, आणि टोंचल्यावर एक-दोन दिवस अंग दुखतें व ताप येतो. तथापि वयोवृद्ध माणसांच्या डॉक्टरांशीं तिच्याविषयीं एकदां बोलणें हें शहाणपणाचें होय. पूर्वीं नागीण होऊन गेलेल्यांनाहि ती घेतां येते.

अण्णांच्या घरीं काय झालें? फोड उठले त्या रात्रीं दूध देतांना सूनबाईला त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर एक बारीक फोड दिसला. हचिन्सनचें नांव तिनें ऐकलेलें नव्हतें. पण कपाळावरचें दुखणें डोळ्याला ओलांडून नाकावर कसें उतरलें, हें तिला चमत्कारिक वाटलें. "आणखी दोन दिवस वाट पाहूं," असें अण्णा म्हणत असतां तिनें दुसऱ्या दिवशीं सकाळींच त्यांना नेत्रतज्ज्ञाकडे नेलें. पारपटलावर व्रणाची सुरुवात झालेली होती. औषध त्याच दिवशीं सुरू झालें, आणि डोळा वांचला. वेदना मात्र सात महिने राहिली. त्या सात महिन्यांत घरच्या मंडळींनीं त्यांच्या खोलींतला पंखा त्यांच्या पाठीमागें हलविला, नातवंडांना डाव्या बाजूनें गळ्यांत पडूं नका म्हणून शिकविलें, आणि आल्यागेल्यासमोर "आतां अगदीं बरें आहे" असें परस्पर सांगणें बंद केलें. या शेवटच्या गोष्टीचा आपल्याला औषधाइतकाच आधार झाला, असें अण्णा पुढें म्हणत.

साठी ओलांडलेल्या माणसाच्या कपाळाच्या एकाच बाजूला आग होऊं लागली, तर रोज सकाळ-संध्याकाळ ती जागा उजेडांत नीट पाहावी. फोड दिसतांच, मग तो एक असो कीं दहा असोत, त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. आणि फोड गेल्यावरहि माणूस दुखतें म्हणत असेल, तर त्याचें दुखणें खरें मानावें.